तेलाशी काडीमोड

अण्णांनी मला वरचा मजला भाड्यानं देण्याआधी पगार विचारला नाही, लग्न कधी करणार ते विचारलं नाही, मटण-मासे खाता का हेही विचारलं नाही. बसवनगुडीत त्याआधी पाहिलेल्या चार घरांत हेच तीन प्रश्न झाले होते, त्यामुळे उत्तरं मी पाठ करूनच गेले होते. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "टेबलाचा खण अडकायला लागला तर तुम्ही त्याला काय लावता?"

मी म्हटलं, तेल.

"कुठलं?"

"असेल ते. खोबरेल."

आत स्वयंपाकघरात कुणीतरी भांडं आपटलं. अण्णा माझ्याकडे, डॉक्टर एक्स-रेकडे पाहतात तसे, पाहत राहिले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची. त्यांनी वरच्या मजल्याची किल्ली माझ्या हातात ठेवली. माझ्याआधी आलेल्या सगळ्यांनीही तेलच म्हटलं होतं आणि घर सात महिने रिकामं पडलं होतं, हे मला नंतर कळलं.

मी नागपूरची. बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि त्या त्यांना गोड शब्दांत सांगायच्या. आठवड्यातले दोन दिवस ऑफिस, बाकीचे घरून. अण्णांनी माझ्या पदवीचा पुरता मान ठेवत मला पहिल्या दिवसापासून 'इंजिनियरबाई' केलं. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला शेवटपर्यंत खात्री नव्हती.

अण्णांचं घराणं चार पिढ्या बंगळूरचं. घरात मराठीच, पण तिच्यात कन्नड असं मुरलेलं की कुठे काय संपतं ते त्यांनाही कळत नसे. 'स्वल्प थांबा', 'सरी, बघू', आणि वाक्याच्या शेपटाला एक 'की'. तेहतीस वर्षं ते एका सरकारी कारखान्यात होते, आणि तेही वंगण विभागात. कुठल्या यंत्राला कुठलं तेल, किती थेंब आणि किती तासांनी, हे ठरवायचं त्यांचं काम. "तेहतीस वर्षं तेल घातलं," ते सांगायचे, "पण लोणी कुणाला लावलं नाही. म्हणून चिकटलो तिथेच चिकटलो."

निवृत्त झाल्यावर गाडी ठेवायच्या जागेत त्यांनी दोन जुनी यंत्रं आणून बसवली. एक गोल पात्याची करवत आणि एक रंधा मशीन, म्हणजे फळी एका बाजूनं आत घातली की सपाट होऊन दुसऱ्या बाजूनं बाहेर येते ते. जन्माची सवय म्हणून त्यांनी दोन्हींना तेलानं न्हाऊ घातलं. महिनाभरात त्या तेलात भुसा कालवला जाऊन त्याचा असा काही लगदा झाला की करवतीचं पातं वर-खाली करायचा स्क्रू जागचा हलेना. वर एका उत्तम सागवानी फळीला तेलाचा डाग पडला आणि त्या डागावर पॉलिश धरेना. लोखंडाचं यंत्र तेल पितं आणि गप्प बसतं. लाकडाचं यंत्र भुसा ओकत असतं आणि तेल तो भुसा धरून ठेवतं. हे तेहतीस वर्षांनी कळल्याचा त्यांना इतका धक्का बसला की त्या दिवसापासून त्यांनी तेलाशी काडीमोड घेतला. जे काही लावायचं ते कोरडं. मेण, पूड, भुकटी, काहीही. पण बोट फिरवलं तर बोट ओलं व्हायला नको.

धर्म बदललेला माणूस जन्मजात भक्तापेक्षा कडवा असतो, तसं त्यांचं झालं. समोरच्या घरातल्या आजोबांपासून इडलीवाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी हा उपदेश केला होता. कुणी वाद घातलाच तर त्यांच्याकडे एक हुकमी प्रश्न होता. "कॅरम खेळताना बोर्डवर काय टाकता?" समोरचा म्हणायचा, पावडर. "तेल का नाही टाकत?" यावर आजवर कुणालाही उत्तर सुचलेलं नाही. मलाही नाही.

मी राहायला गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझ्या कपाटाचा खण अडकला आणि मी सवयीनं त्याच्या कडेला खोबरेल तेल लावलं. चार दिवस तो मजेत सरकला. पाचव्या दिवशी फुगला आणि निम्मा बाहेर, निम्मा आत असा रुतून बसला. माझे सगळे ऑफिसला जायचे कपडे त्यात. अण्णा वर आले, दारातच थांबले आणि त्यांनी नाकानं हवा ओढली. खण उचकटून काढला, खाली नेला, पॉलिश पेपरनं घासला, दोन दिवस सावलीत वाळवला, मग एक साधी पांढरी मेणबत्ती त्याच्या कडांवर अशी फिरवली जशी आई बाळाच्या अंगावर पावडर फिरवते. खण परत बसवून त्यांनी करंगळीनं ढकलला. तो बंद झाला आणि भिंतीवर आपटून पुन्हा अर्धा बाहेर आला. "आता जोर लावू नका," एवढंच म्हणाले आणि गेले. त्या दोन दिवसांत, तेल लागलेले कपडे धुऊन वाळेपर्यंत, मी एकच कुर्ता घालून मीटिंगा केल्या.

तेल त्यांना भाषेतही खपत नसे. एकदा माझं एक प्रोजेक्ट रद्द झालं तेव्हा गॅलरीत उभी राहून मी पुण्याच्या मैत्रिणीला फोनवर म्हटलं, गेलं ते तेल लावत. खालून लगेच आवाज आला, "कशाला तेल लावलंत?" बराच वेळ समजावून सांगावं लागलं की कशालाच नाही, ते नुसतं म्हणायचं असतं. त्यांना ते पटलं नाही. मराठीत असं म्हणत असतील तर मराठी चुकतेय, म्हणाले.

तेल सोडलं इथवर ठीक होतं. खरी अडचण पुढे होती, ती म्हणजे त्याऐवजी काय. अण्णांच्या वर्कशॉपात एक फळी भरून डबे होते आणि प्रत्येक डब्यात त्यांच्या मते एकेक खोट होती. मेणबत्ती चांगली, पण पुन्हा पुन्हा घासावी लागते. मधमाशीचं मेण थोडं चिकट. शिसपेन्सिलीत असते ती काळी पूड स्क्रूला झकास, पण पांढऱ्या लाकडाला हात लागला की बोटांचे ठसे उमटतात. साबण ओल धरतो आणि लोखंडाला गंज आणतो. कॅरमची पावडर पंखा लावला की उडते. अक्कांची टाल्कम पावडरही त्यांनी लावून पाहिली होती. त्या आठवड्यात मशीन सुरू झालं की अख्ख्या गल्लीत चमेलीचा वास सुटायचा. अक्कांनी तेव्हापासून पावडरचा डबा धान्याच्या पिंपात लपवला. मेणबत्त्यांचं मात्र त्यांना काही करता आलं नाही. वीज गेली की त्या ठेवणीतल्या कपाटाशी न जाता सरळ वर्कशॉपात जायच्या आणि घासून घासून चपट्या झालेल्या मेणबत्त्यांतली त्यातल्या त्यात उभी राहील अशी एक घेऊन यायच्या.

या सगळ्या वंगणांची परीक्षा घ्यायची अण्णांची एक पद्धत होती. एका गुळगुळीत फळीवर वंगण लावायचं, तिच्यावर लाकडाचा ठोकळा ठेवायचा आणि फळीचं एक टोक हळूहळू उचलायचं. ठोकळा जितक्या कमी उंचीवर घसरेल तितकं वंगण चांगलं. ही पद्धत कुणालाही सुचेल. अण्णांची खासियत पुढची होती. त्यानंतर ते मूठभर भुसा त्या फळीवर टाकायचे आणि पुन्हा उचलायचे. "नुसतं गुळगुळीत असणं सोपं," म्हणायचे, "कचऱ्यात राहून गुळगुळीत राहिलं पाहिजे." शनिवारी सुट्टी असली की मी टेप घेऊन उंची मोजायला उभी राहायचे. एकदा मी सगळे आकडे संगणकावर घेऊन, रंगीत आलेख काढून त्यांना दाखवला. आलेखात मेणबत्ती सरळ पहिली येत होती. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, यात पुन्हा पुन्हा घासणं कुठल्या रंगानं दाखवलंय?

चिकपेटला त्यांच्याबरोबर मी एकदाच गेले. हार्डवेअरच्या त्या अरुंद गल्लीत अण्णा दिसले की दोन दुकानदार आत काहीतरी शोधायला निघून जात. तिसरा सापडला. अण्णांनी त्याच्याकडून कोरड्या वंगणाचे फवाऱ्याचे पाच डबे काढवले, खिशातून भिंग काढलं आणि उभ्या उभ्या पाचही डब्यांच्या पाठी वाचल्या. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. ते शोधत होते तो शब्द होता सिलिकॉन. सिलिकॉन दिसायला कोरडं, घसरायला अप्रतिम. पण ते यंत्रावरून लाकडात उतरतं, डोळ्यांना दिसत नाही, आणि मग त्या लाकडावर पॉलिश नीट बसतच नाही. तेलाचा निदान डाग तरी दिसतो, म्हणाले, तेल प्रामाणिक शत्रू आहे. पाचही डबे परत करून आम्ही मेट्रोनं घरी आलो.

हे सगळं मी वर्षभर गंमत म्हणून पाहत होते. यात कुणाचं काही अडलंय हे मला ठाऊकच नव्हतं. ते कळलं अक्कांमुळे. अण्णांच्या खाटेखाली गोणपाटात गुंडाळलेल्या सागवानी फळ्या होत्या. मी त्या साठवणीतल्या समजत होते. त्या त्यांच्या मुलीच्या होत्या. तिच्या लग्नात आहेर म्हणून अण्णांनी स्वतःच्या हातानं जेवणाचं टेबल करून द्यायचं कबूल केलं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तेलाचा डाग पडला होता ती याच आहेराची पहिली फळी. आणि तेव्हापासून मशीनला नेमकं काय लावायचं ते नक्की ठरल्याशिवाय बाकीच्या फळ्या मशीनमध्ये घालायच्या नाहीत असं त्यांनी ठरवलं होतं. ते नक्की ठरत नव्हतं. मुलगी म्हैसूरला असायची. सुरुवातीला ती फोनवर टेबलाचं विचारायची, मग चेष्टा करायची, मग तिनं विचारायचं सोडलं. अक्का म्हणाल्या, विचारायचं सोडलं तेव्हा मला रडू आलं.

आता मुलीनं म्हैसूरला स्वतःचं घर घेतलं होतं आणि तीन आठवड्यांवर वास्तुशांत होती. अक्कांनी अण्णांसमोर मोबाइल धरला. पडद्यावर तयार टेबल होतं, सहा खुर्च्यांसकट. "एका बोटानं येतं," त्या म्हणाल्या, "सोमवारपर्यंत बघते. मग बोट लावते."

अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. वर्कशॉपात जाऊन डब्यांसमोर बसले. मला ते पाहवेना. मी वर गेले आणि इंटरनेटवर लाकडाच्या यंत्रासाठी सगळ्यात चांगलं कोरडं वंगण म्हणून शोधलं. परदेशी, निळ्या डब्यातलं, जवळजवळ सगळ्यांनी पाच तारे दिलेलं एक मिळालं. शनिवारी ते आलं आणि मी अण्णांना भेट म्हणून दिलं.

त्यांनी लगेच फळी मांडली. टोक वीतभरही उचललं नव्हतं तोच ठोकळा सुळकन खाली. भुसा टाकला, तरी सुळकन. अण्णांनी सहा वेळा करून पाहिलं आणि सहाव्यांदा ते हसले. मी त्यांना दात दिसेपर्यंत हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पण डब्यावरची अक्षरं मुंगीएवढी होती आणि भिंग सापडेना. म्हणून सोमवारी सकाळी ते डबा घेऊन वर आले. मी मीटिंगमध्ये होते, एका कानात हेडफोन. त्यांनी दारातून विचारलं, "इंजिनियरबाई, यात सिलिकॉन नाही ना?"

मी मान हलवली आणि म्हटलं, नाही अण्णा, सगळं बघूनच घेतलंय.

मी बघितले होते ते तारे.

त्या दिवशी दुपारी अकरा वर्षांनी त्या फळ्या मशीनमध्ये गेल्या. आवाज इतका एकसारखा होता की मी मीटिंगमध्ये माइक बंद करायला विसरले आणि कुणी तक्रारही केली नाही. पुढचे दहा दिवस अण्णा दुसऱ्या कुणाशी बोलले नाहीत, फक्त लाकडाशी. टेबल उभं राहिलं. खरंच देखणं होतं. अक्का येता-जाता त्याच्यावर हात फिरवायच्या आणि अण्णांनी पाहिलं की धूळ पुसत असल्याचं दाखवायच्या. वास्तुशांतीला आठवडा असताना अण्णांनी अंगणात प्लास्टिक अंथरून पॉलिशचा पहिला हात दिला.

मी त्या संध्याकाळी ऑफिसातून आले तर दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभे. पॉलिशला जागोजाग बारीक गोल खड्डे पडले होते, पृष्ठभागावर कुठेही दोन बोटं सलग जागा गुळगुळीत नाही. अक्का हलक्या आवाजात म्हणाल्या, "सेट डोशासारखं दिसतंय." अण्णांच्या हातात भिंग होतं.

मी वर पळाले. जिन्यातच मोबाइलवर त्या डब्याचं पान उघडलं, तारे ओलांडून खाली, आणखी खाली गेले. शेवटून दुसऱ्या ओळीत तो शब्द होता. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणारी मी तिथेच पायरीवर बसले. मग सांगायचंच म्हणून खाली उतरले.

खाली मेस्त्री आला होता. हा कोपऱ्यावरचा सुतार, त्याचं दुकान तीस वर्षांचं. तो आपल्या रंधा मशीनला गाडीचं जळकं तेल घालायचा. त्यावरून अण्णांनी त्याला त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर व्याख्यान दिलं होतं आणि त्यानंतर चार वर्षं दोघं समोरासमोर आले की एक जण रस्ता ओलांडायचा. आज अण्णा स्वतः जाऊन त्याला घेऊन आले होते. मेस्त्रीनं टेबलाभोवती एक फेरी मारली, खड्ड्यांवरून अंगठा फिरवला आणि कन्नडमध्ये विचारलं, मशीनला कुठला स्प्रे मारलात?

मी तोंड उघडलं. त्याआधीच अण्णा म्हणाले, "चूक माझी. डब्यावर लिहिलं होतं. मी वाचलं नाही." आणि लगेच माझ्याकडे वळून, मराठीत, "इंजिनियरबाई, आत जाऊन अक्कांना स्वल्प कॉफी सांगा की."

अक्का माझ्या शेजारीच उभ्या होत्या. तरी आम्ही दोघी आत गेलो.

मेस्त्रीला ती संधी होती. चार वर्षांचा हिशेब तिथेच पुरा करता आला असता, कुंपणापाशी तीन शेजारी ऐकायला उभेही होते. त्यानं कॉफी घेतली आणि सांगितलं की एकदा एका मोठ्या ऑफिसचं अख्खं काउंटर त्यानं असंच घालवलंय. उपाय होता, पण कष्टाचा. सगळं पॉलिश खरवडायचं, थिनरनं पुसायचं, एकदा वापरलेलं फडकं पुन्हा वापरायचं नाही, मशीनही तसंच धुवायचं. मग लाखेचे दोन हात द्यायचे. लाख ते सिलिकॉन खाली दाबून ठेवते, वर मग हवं ते पॉलिश बसतं. एवढं बोलून तो दाराशी गेला, घुटमळला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला की त्याच्या मशीनचा उंचीचा स्क्रू महिन्याभरापासून अडकलाय. वेळ असेल तर.

अण्णांना वेळ नव्हता. आठवड्यावर वास्तुशांत होती. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते ब्रश, खरवडणी आणि मेणबत्ती घेऊन मेस्त्रीच्या दुकानात गेले ते संध्याकाळी आले, कोपरापर्यंत काळे होऊन आणि चेहरा नुकतीच लॉटरी लागल्यासारखा. स्क्रूतून निघालेला लगदा त्यांनी पुरावा म्हणून वाटीत भरून आणला होता. अक्कांनी वाटी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. पुढचे चार दिवस मात्र मेस्त्री रोज दुपारी यायचा, मी सुट्टी काढली, आणि आम्ही तिघांनी मिळून ते टेबल पुसलं, घासलं, पुन्हा पुसलं. माझी एक जुनी चादर, अक्कांच्या चार साड्या आणि अण्णांची सगळी धोतरं त्यात गेली. त्या चार दिवसांत दोनदा मी विषय काढायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा अण्णांनी मला नवीन फडकं आणायला पाठवलं. निळा डबा कुठेच दिसत नव्हता. अक्कांनी मला हळूच सांगितलं, खड्डे दिसले त्याच क्षणी त्यांनी तो कचऱ्यात टाकला होता. "तू यायच्या आत," त्या म्हणाल्या, "तुला वाचायला मिळायला नको म्हणून."

लाखेनं काम केलं. टेम्पोत गाद्या घालून टेबल म्हैसूरला गेलं आणि अक्कांनी हट्टानं मलाही नेलं.

पूजा झाली, पाहुणे पांगले, आणि घरचे आठ जण त्या टेबलाभोवती जेवायला बसले. अण्णांची मुलगी बसली नाही. ती टेबलाच्या चारी बाजूंनी हात फिरवत फिरली, मग वाकून खालून बघायला लागली, जसे अण्णा बघतात तशीच. आतल्या एका कोपऱ्यात, जिथे आमचं फडकं पोचलं नव्हतं, तिच्या बोटांना खड्डे लागले. तिनं विचारलं, हे काय आहे अण्णा?

आता मात्र मी बोललेच. म्हटलं, ते माझ्यामुळे झालं. डबा मी आणला होता, त्यांनी मला विचारलं होतं आणि मी न वाचताच नाही म्हटलं. सगळे जेवायचे थांबले. माझ्या पानातला भात मला दिसेनासा झाला.

अण्णांनी सारू, म्हणजे तिकडचं सार, ओरपून वाटी खाली ठेवली. "इंजिनियरबाई खरं सांगतात," ते मुलीला म्हणाले. "पण पुरतं सांगत नाहीत. मी अकरा वर्षं बरोबर डबा शोधत होतो. टेबल झालं ते चुकीच्या डब्यानं. या नसत्या तर मी अजून शोधतच बसलो असतो."

मुलगी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि तिनं त्यांच्या वाटीत पुन्हा सारू वाढलं. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून अक्कांचा आवाज आला, भात कालवता कालवता, मान वर न करता.

"मग अकरा वर्षांपूर्वीच चुकायचं होतं की."